अकरा फायबरचे बैल आणि एक बॅनर : आमच्या गावच्या पोळ्याची पूर्ण केस

मागच्या पोळ्यानंतर आजूबाजूच्या तीन-चार गावांतल्या मंडळांचे फोन आले, ताई तुम्ही पोळ्याला ते फायबरचे बैल रंगवून मांडले ते कसं केलं, खर्च किती आला, आणि भांडण झालं म्हणतात ते नेमकं कशावरून झालं. दरवेळी अर्धा अर्धा तास फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, काही लोकांचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. आर्वीकडचं गाव समजा, वर्धा जिल्हा, कापूस सोयाबीन तूर, साडेचारशेच्या आसपास घरं. मी गावात सेतू केंद्र चालवते आणि या कामाचा हिशोब माझ्याच वहीत आहे, त्यामुळे पुढे आमच्या खर्चाचे जे आकडे येतील ते वहीतून पाहून लिहिलेले आहेत.

आधी आमचा पोळा कसा उरला होता ते सांगते, नाहीतर हे सगळं काऊन केलं ते कळणार नाही. मी लहान असताना मारुतीच्या पारासमोर तोरण बांधलं की जोड्यांची रांग पार जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत जायची, झडत्या सुरू झाल्या की एक बाजू म्हणायची, दुसरी उत्तर द्यायची, प्रत्येक झडतीच्या शेवटी "हर बोला हर हर महादेव" असं काही घुमायचं की घरात बसलेल्या बायांनाही कळायचं आता पोळा फुटतो म्हणून. मग ट्रॅक्टर आले, चारा परवडेना, गडी मिळेना, जोड्या कमी होत गेल्या. करोनात सामूहिक पोळा बंद राहिला आणि त्यातून निघालो तोच लम्पी आला, जनावरं एका जागी आणायलाच मनाई. सगळं उघडल्यावर जो पहिला पोळा भरला त्यात तोरणाखाली एकोणीस जोड्या होत्या. मी मोजल्या. पोरं जोड्यांपेक्षा जास्त होती आणि त्यांच्या हातात मोबाईल होते, बैलाला हात लावायला घाबरत होती ती.

लम्पीच्याच वेळी अजून एक गोष्ट उघडी पडली. लस द्यायला डॉक्टर आले आणि गावात खोडा नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खोडा म्हणजे जनावर उभं करून अडकवायची लोखंडी किंवा लाकडी चौकट, त्यात घेतलं की सुई देता येते, खूर पाहता येतो, गाय तपासता येते. आमच्याकडे जुना लाकडी होता तो सडून गेला होता, मग झाडाला बांधून, चार जणांनी धरून लसी दिल्या, एका पोराच्या पायावर बैलाचा पाय पडला, बोट फ्रॅक्चर. तेव्हापासून गावात बोलणं सुरू होतं की खोडा पाहिजे, वर टिनाचं छप्पर पाहिजे, बाजूला पाण्याचा हौद पाहिजे. बोलणंच सुरू होतं.

आयडिया कुठून आली

गावातलाच एक मुलगा मुंबईला नोकरीला आहे. २०१८ मध्ये भारतात रंगवलेल्या हत्तींच्या मूर्ती शहराशहरांत मांडल्या होत्या, एकूण १०१ हत्ती, एलिफंट परेड नावाने, त्यातले काही त्याने तिकडे पाहिले होते. १०१ हा आकडा पण उगाच नव्हता, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने देशात हत्तींच्या येण्याजाण्याचे १०१ मार्ग नोंदवले होते, प्रत्येक मार्गासाठी एक हत्ती. त्याच्या डोक्यात तेव्हापासून होतं की आपल्याकडे हे बैलांचं झालं पाहिजे. मे महिन्यात तो सुट्टीवर आला, फोटो दाखवले आणि पारावर बसून सगळ्यांना समजावलं.

मी मग माझ्या परीने वाचलं, कारण पैसा गोळा करायचा तर लोक विचारतातच की आधी कुठे झालंय का. तर झालंय, आणि पहिल्यांदा झालं ते गाईंचंच झालं. १९९८ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात शेकडो फायबरग्लासच्या गाई रस्त्यांवर मांडल्या, कल्पना वॉल्टर क्नाप यांची, आणि मूळ गाईची मूर्ती बनवली त्यांच्या मुलाने, पास्कल क्नापने. उभी, चरणारी आणि बसलेली अशा तीनच पोझ, बाकी सगळा फरक रंगवणाऱ्यांचा. त्याच शहरात १९८६ मध्ये सिंहांचं असं झालं होतं, सिंह त्या शहराची खूण म्हणून. मग शिकागोचे एक चपला-बुटांचे व्यापारी, पीटर हॅनिग, झुरिकला गेले होते, त्यांनी गाई पाहिल्या आणि गावी परतल्यावर महापालिकेच्या संस्कृती विभागाच्या प्रमुख लोइस वाइसबर्ग यांच्याकडे गेले, १९९९ मध्ये शिकागोत तीनशेच्या वर गाई उभ्या राहिल्या. शेवटी लिलाव, सुमारे ३५ लाख डॉलर जमले, सगळे धर्मादाय कामाला. तिथून ही पद्धत जगभर गेली. न्यूयॉर्कला २००० मध्ये गाई, टोरंटोला त्याच वर्षी मूस (तिकडचं मोठं हरीण), बर्लिनला २००१ पासून दोन पाय टेकून हात वर केलेली अस्वलं कारण अस्वल हे बर्लिनचं चिन्ह. हत्तींची सुरुवात २००७ मध्ये रॉटरडॅमला झाली, थायलंडमध्ये मोशा नावाच्या हत्तीच्या पिल्लाचा पाय भूसुरुंगावर पडून गेला, तिला नकली पाय बसवला, ते पाहून मार्क आणि माइक स्पिट्स या बापलेकांनी ती परेड काढली. लंडनला २०१० मध्ये अडीचशेवर हत्ती होते, लिलावात ४० लाख पौंडांच्या आसपास आले.

या सगळ्यांत मला शिकागोचं जास्त पटलं. तिथे गाय उपरी नव्हती. त्या शहरात १८६५ पासून १९७१ पर्यंत जनावरांचा प्रचंड बाजार होता, युनियन स्टॉक यार्ड, शहर वाढलंच त्यावर. म्हणजे प्राणी निवडताना त्या जागेचा आणि त्या प्राण्याचा काही संबंध पाहिजे. आमच्याकडे तो शोधावा लागणारच नव्हता. आणि खरं सांगायचं तर सजवलेला प्राणी रस्त्यावर आणायचं आम्हाला झुरिकने शिकवायची गरजच नाही, विदर्भात तान्हा पोळा आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून बाहेर काढतात, नागपूरच्या भोसल्यांच्या काळात दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केला म्हणतात, सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला लोक लांबून येतात. त्याच दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, हे सगळे मोठाले पुतळे. कलाकाराने मूर्ती करायची, चौकात आणायची आणि अख्ख्या गावाने बघायची, हे आपल्या रक्तात आहे. हे मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पण पुढे जो घोळ झाला तो यातूनच झाला, कारण मूर्ती आपल्या होत्या आणि शेवट आम्ही तिकडचा लावला होता.

बैल कसे बनले

लाकडाचे करायचे तर चार फूट उंचीचा बैल आमच्या सुतारकाकांना एकेक महिना लागला असता. पीओपी पावसात टिकत नाही आणि पोळा श्रावण अमावस्येला, म्हणजे भर पावसात. शेवटी फायबर. नागपूरच्या एका कारागिराकडे देवळासाठीच्या नंदीचा साचा होता, उभ्या बैलाचा, त्याने १७,००० रुपयाला एक असा भाव दिला, अकरा बैल, १,८७,०००. पैसे असे उभे केले की अकरा स्पॉन्सर, प्रत्येकी २०,०००. कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले, एक पतसंस्था, दूध डेअरी, बाकी पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले गावातले लोक. २,२०,००० जमले. बैलांचे १,८७,०००, गाडीभाडं ६,५००, रंग-प्राइमर-वार्निश १४,२००, खालची लोखंडी अँगलची फ्रेम ७,०००. उरले ५,३००, ते कुठे गेले ते पुढे येतंच.

पहिला नमुना पाहायला आम्ही सहा जण गेलो, सोबत आमच्या शेजारचे आबाजी होते. वय ऐंशीच्या वर, आयुष्यभर बैल राखलेला माणूस. नमुना पाहून सगळे वा वा करून राहिले होते आणि आबाजी नुसते तोंडासमोर उभे. मग म्हणाले, "हा आपला नोहे." कारागीर म्हणाला, आबाजी बैल बैलासारखाच असतो. आबाजींनी मूर्तीच्या कपाळापासून नाकापर्यंत बोट फिरवलं. "गवळाऊचं तोंड लांबट अस्ते, अरुंद. शिंगं आखूड, बोथट, मांगं झुकलेले. हे जाडं तोंड कोठचं?" गवळाऊ ही आमच्या वर्धेकडचीच जात, पांढरी, हलकी, धावायला चपळ, मराठा फौजांची रसद ओढायला हे बैल होते असं सांगतात. साचा होता तो जड वशिंडाचा, मोठ्या शिंगांचा. कारागिराने कुरकुर केली पण मग डोकं वेगळं कापून, मातीत नवीन तोंड घडवून, त्याचा छोटा साचा काढला आणि जोड दिला. आबाजी त्यासाठी दोनदा बसने नागपूरला गेले, स्वतःच्या पैशाने. माझ्या मते पूर्ण कामातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच होता. नुसता कुठलाही बैल असता तर गावाने तो आपला म्हटलाच नसता.

आता चूक सांगते, कारण ही चूक कोणीही करेल. फायबर साच्यातून सुटावं म्हणून साच्याला आतून मेण लावतात, ते मेण थोडं मूर्तीच्या अंगावर राहतं, बोटाने कळत नाही. रंगवायच्या आधी मूर्ती साबणाच्या कोमट पाण्याने धुवायची, थिनरने पुसायची, पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायची, मग प्राइमर, मग रंग, शेवटी क्लिअर वार्निशचे दोन हात. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आठ बैल ड्रॉईंगच्या सरांनी स्वतःहून घासून घेतले होते म्हणून वाचले, उरलेल्या तीन बैलांवर पोरांनी उत्साहात सरळ रंग मारला, पहिल्याच झडीत पोटाखालून रंगाचे पापुद्रे लोंबायला लागले. हात लावला की कांद्याच्या सालीसारखं सुटून यायचं. ते तीन बैल खरवडून पुन्हा पहिल्यापासून केले, शाळेच्या व्हरांड्यात, रात्री अकरापर्यंत.

रंगवायला कोणाला द्यायचे यावर जास्त वाद झाला नाही. शाळेच्या पोरांना दोन, बचत गटाच्या बायांना दोन (त्यांनी पाठीवर वेचणीची रांग काढली, प्रत्येकीच्या पाठीला बांधलेला कापसाचा ओटा वेगळ्या लुगड्याच्या रंगाचा, मला तो फार आवडतो), भजनी मंडळ, क्रिकेटवाली पोरं, वगैरे. सातव्या नंबरचा बैल आबाजींना.

दहाव्या नंबरच्या बैलावर मात्र थांबलं पाहिजे. तो एका पोराने मागून घेतला होता, बीए झालेला, घरची चार एकर शेती. त्याने पूर्ण बैल पांढरा ठेवला आणि त्यावर निळ्या शाईच्या रंगाने सातबारा काढला. गट नंबर, क्षेत्र, पीकपाणी, आणि वशिंडापासून शेपटीपर्यंत "इतर हक्क" च्या रकान्यात एकाखाली एक कर्जाचे बोजे. रकमा नव्हत्या, नावं नव्हती, नुसतं बोजा, बोजा, बोजा. सेतूवर बसून मी रोज सातबारे काढून देते, तो कागद माझ्या बोटांना पाठ आहे, पण तो बैलाच्या अंगावर पाहिला आणि मला दोन मिनिटं काही बोलता आलं नाही. त्या बैलाची स्पॉन्सर होती पतसंस्था. त्यांचा फोन आला की आमचं नाव या बैलाखाली नको, बैल बदला नाहीतर रंग बदला.

कमिटीत काही जण म्हणाले बदलू, सणाचा दिवस आहे. असं तिकडेही झालंय, न्यूयॉर्कच्या वेळी सिनेमा दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी मुंडकं कापलेली, अंगात काटे-सुऱ्या खुपसलेली गाय केली होती आणि आयोजकांनी ती मांडायला नकार दिला होता. मी ते उदाहरण मीटिंगमध्ये सांगितलं आणि माझं मतही सांगितलं, की त्या गाईत बघणाऱ्याला धक्का द्यायचा होता, आपल्या पोराच्या बैलात तसं काही नाही, त्याने जे रोज पाहिलं ते काढलं आहे. सरपंचबाई शेवटी म्हणाल्या, "पतसंस्थेचं नाव काढा, बैल राहू द्या." पाटी काढली. पतसंस्थेने पैसे परत मागितले नाहीत, हे त्यांच्याबद्दल नोंदवलं पाहिजे.

बॅनर

ठरलं होतं असं की पोळ्याच्या दिवशी बैल पारासमोर मांडायचे, आठवडाभर ठेवायचे आणि मग लिलाव करायचा. शिकागोला झालं तसं. एका बैलाची सुरुवातीची बोली दहा हजार धरली तरी लाखाच्या वर जातं, त्यात खोडा, छप्पर, हौद सगळं बसतं. स्पॉन्सरना आम्ही सांगितलं होतं की बोलीत पहिला मान तुमचा. बॅनर मीच डिझाईन केला. वर बैलाचा फोटो, खाली मोठ्या लाल अक्षरात "बैलांचा जाहीर लिलाव", तारीख, वेळ. पोळ्याच्या पाच दिवस आधी चौकात लावला.

संध्याकाळी आबाजी सेतूवर आले. कागदाची कामं त्यांची मीच करते त्यामुळे वाटलं पेन्शनचं काही असेल. खुर्चीवर बसले नाही.

"पोरी, ते कोनं लिवलं?"

"मीच केलं आबाजी, काही चुकलं का?"

"पोळ्याच्या तोंडावर बैल इकाले काढले तुमी?"

मी समजावायला गेले की आबाजी ते खरे बैल नाहीत, मूर्ती आहेत, पैसा खोड्यासाठीच आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात माह्या बापाची जोडी वसुलीत गेली. चावडीवर असाच कागद लागला होता, असंच लिवलं होतं त्याच्यावर. बापानं दोन दिवस भाकर नाही खाल्ली." आणि निघताना दारातून, "माहा बैल मी सजवत नाही मंग. इकाचा असन त सजवू कायले?"

ते गेल्यावर मी बॅनरची फाईल पुन्हा उघडून पाहिली. जाहीर लिलाव. बँकेच्या वसुलीच्या नोटिसा पेपरात येतात त्यात हेच शब्द असतात, हाच लाल रंग. आमच्या विदर्भात बैल विकणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझ्या घरात पण ते झालेलं आहे. पण मी ते वाचताना झुरिक आणि शिकागोच्या डोळ्यांनी वाचलं. तिकडे गाय विकली तर एक वस्तू विकली. इकडे दावणीचा बैल विकला की घर बसलं म्हणतात. ही माझी चूक होती आणि ती आबाजींनी सांगितली नसती तर पोळ्याच्या दिवशी आणखी किती जणांच्या पोटात कालवलं असतं.

रात्रीच बॅनर उतरवला. दुसऱ्या दिवशी पारावर मीटिंग, आणि ही मीटिंग खराब झाली. मुंबईवाला मुलगा ऑनलाइन होता, त्याचं म्हणणं भावनेने खोडा होत नाही, लिलावाशिवाय पैसा कुठून आणणार, नाव बदलून "सन्मान बोली" म्हणू. एक जण म्हणाला नाव बदलून काय होते, विकणं ते विकणंच. कृषी केंद्रवाले चिडले, त्यांना बैल दुकानासमोर ठेवायचा होता, तसा शब्द दिला होता आम्ही. दोन तास झाले. मग भजनी मंडळातल्या एक काकू, ज्या तोवर काहीच बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, "तान्ह्या पोळ्याला पोट्टे बैल घेऊन येते त बोजारा देतोच ना आपण? मंग यायले बी देऊ."

बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारात येतात तेव्हा त्यांच्या हातावर ठेवतो ते पैसे किंवा खाऊ. एवढं सोपं होतं. सगळे एकदम गप्प झाले आणि मग एकदम बोलायला लागले, बैलांना चाकं लावा, दोर बांधा, पोरं ओढतील, घरोघर नेऊ. उरलेले ५,३०० रुपये चाकांना गेले, भंगारातून चव्वेचाळीस चाकं आणली आणि वेल्डिंगवाल्या भाऊने मजुरी घेतली नाही. खाली अँगलची फ्रेम होतीच म्हणून दोन रात्रीत झालं. सातबाऱ्यावाल्या पोराने तेव्हा मला हळूच म्हटलं, ताई, बोजा आणि बोजारा, एका अक्षराचा फरक आहे. मला तोवर सुचलं नव्हतं.

दोन दिवस

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. संध्याकाळी मी आबाजींच्या गोठ्यात गेले कारण सात नंबरचा बैल त्यांच्याकडे नेऊन ठेवला होता, पाहायचं होतं घेतात की नाही. गोठा रिकामा असतो त्यांचा, शेवटचा बैल लम्पीत गेला. दिव्याच्या उजेडात ते त्या फायबरच्या बैलाच्या मानेखाली, जिथे जू बसतं त्या जागी, तेल आणि हळद चोळून राहिले होते. कोमट करून, तळहाताने, गोल गोल, जसं खऱ्या बैलाला चोळतात तसं. वार्निशवरून तेल ओघळून पुढच्या पायावर येत होतं, ते खांद्यावरच्या दुपट्ट्याने टिपत होते. मग कानाजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी काही न बोलता परत आले.

त्यांनी त्या बैलावर रंग लावलाच नव्हता. पांढराच ठेवला, शिंगांना बेगड, कपाळाला मठाटी, गळ्यात घुंगरमाळ, आणि पाठीवर त्यांच्या मेलेल्या बैलाची झूल, आरसे लावलेली, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेली. पोळ्याच्या दिवशी बावीस खऱ्या जोड्या आल्या आणि त्यांच्या मागे हे अकरा. आबाजींनी मानाच्या जोडीनंतर सर्वांत आधी सात नंबरला कुंकू लावायला लावलं.

तान्हा पोळा सकाळी नऊला सुरू केला, संपायला दुपारचे चार. पाऊस मधे दोनदा आला. पाचव्या नंबरच्या बैलाचं एक शिंग कोणीतरी त्यावर चढल्यामुळे तुटलं, चढाच्या गल्लीत दोन बैलांची चाकं निखळली तर पोरांनी ते बैल उचलून नेले. घराघरातून बाया ओवाळायला बाहेर, पुरणाचा घास बैलाच्या तोंडाला लावून मग पोरांना. बोजारा म्हणून कोणी दहा दिले, कोणी पाचशे, एका घरातून दोन पायल्या ज्वारी आली. रोख ३८,६४० रुपये. फोनपेवर बाहेरगावच्या लोकांचे २१,५००. चार स्पॉन्सरनी नंतर मिळून आणखी १२,००० दिले. एकूण ७२,१४०. वहीत घरांची टिक केली होती मी, ४१२ घरांनी दिलं. लिलाव केला असता तर पैसा नक्की जास्त आला असता, पण दहा-अकरा जणांच्या खिशातून आला असता.

खोड्याला ३८,००० लागले, छपराला २४,५००, हौदाला १६,०००. बेरीज ७८,५००. म्हणजे ६,३६० रुपये हार्डवेअरवाल्याचे अजून द्यायचे आहेत, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला आहे. दवाखान्यामागे खोडा उभा झाला आणि लाळ्या-खुरकतच्या लसीकरणाला तोच वापरला, डॉक्टर आणि एक मदतनीस अशा दोघांनी एका सकाळी काम उरकलं.

न सुटलेलं पण सांगते. कृषी केंद्रवाल्यांना दिलेला शब्द आम्ही मोडला, त्यांचा राग योग्य आहे. तोड म्हणून एक वर्ष तो बैल त्यांच्या दुकानासमोर उभा राहील, मालकी गावाची, हे त्यांनी मानलं पण मनापासून नाही. बाकीचे बैल शाळेच्या जुन्या खोलीत आहेत, दोन ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात, उन्हात ठेवले की लाल रंग सगळ्यात आधी फिका पडतो हे दिसून राहिलं आहे. सातबारावाला बैल कुठे ठेवायचा यावर एकमत नाही, सध्या तो माझ्या सेतूच्या बाजूला आहे, कागदाला आलेले लोक त्याच्याजवळ उभे राहून वाचतात. ज्या मंडळांना करायचं आहे त्यांनी स्पॉन्सरशी पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं की मूर्ती शेवटी कोणाची, आणि मूर्ती ठेवणार कुठे ते ऑर्डर देण्याआधी ठरवावं. आम्ही दोन्ही नंतर केलं.

आणि एक राहिलंच. पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी आबाजी परत सेतूवर आले, या वेळी बसले. म्हणाले सगळं बेस झालं, पण अकरा कायले केले? दहा करायचे नाहीतर बारा. बैलाले जोडी लागते, एकट्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवता येत नाही. अकरा हा आकडा आम्ही शुभ म्हणून घेतला होता, जोडीचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. बाराव्याची ऑर्डर आता दिली आहे, १७,००० पैकी साडेनऊ हजार जमले आहेत. तोंडाचा साचा तोच वापरायचा आहे, फक्त आबाजींचं म्हणणं डावी शिंगाडी थोडी खाली पाहिजे, त्यांच्या बैलाची तशी होती, आणि ते सांगायला ते पुढच्या मंगळवारी नागपूरला जाणार आहेत.